भुलाबाईचा खाऊ आणि मुलींचे रक्त

भाद्रपद पौर्णिमा ते कोजागरी हा महिना खानदेशात भुलाबाईचा. यावल, फैजपूर, रावेर, भुसावळ या पट्ट्यात भुलोजी-भुलाबाईच्या मातीच्या मूर्ती घरोघरी बसतात. भुलाबाई ही पार्वतीचे रूप आणि महिनाभर माहेरपणाला आलेली लेक मानली जाते. संध्याकाळी गल्लीतल्या मुली टिपऱ्या घेऊन एकेका घरी जमतात, गाणी म्हणतात आणि शेवटी ज्याची सगळ्यांना घाई असते तो प्रश्न येतो: आज खाऊ काय? झाकलेला डबा कानाशी धरून हलवायचा, आवाजावरून अंदाज बांधायचा, आणि ओळखता आला नाही तर घरच्या बाईची जीत. पश्चिम महाराष्ट्रातल्या भोंडल्यातही हीच रीत आहे. तिथे तिला खिरापत म्हणतात.

आरोग्याच्या दृष्टीने पाहिले तर या साध्या खेळात एक शहाणपण दडलेले आहे. खाऊ ओळखता येऊ नये म्हणून आईला रोज वेगळा पदार्थ करावा लागतो. काल शेंगदाण्याचे लाडू झाले, तर आज लाह्या, उद्या उकडलेल्या शेंगा, परवा मुगाची उसळ. कोणी न सांगता महिनाभर मुलींच्या ताटात वैविध्य येते. पोषणशास्त्र आज जी गोष्ट तक्ते आणि प्रश्नावल्या घेऊन मोजते, ती इथे खेळाच्या नियमातच बसवलेली आहे.

अलीकडे मात्र अनेक गल्ल्यांमध्ये डब्याची जागा पाच-पाच रुपयांच्या पाकिटांच्या माळेने घेतली आहे. पाकीट हलवायची गरजच नाही, ते दुकानाच्या दारातच ओळखू येते. खेळातली गंमत गेली हे नुकसान आहेच, पण त्याहून मोठे नुकसान मुलींच्या शरीराचे आहे.

निम्म्याहून अधिक मुलींचे रक्त कमी

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील 15 ते 19 वयोगटातील 59 टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. महाराष्ट्राची स्थितीही फार वेगळी नाही. बारा वर्षांवरील मुलीचे हिमोग्लोबिन 12 ग्रॅमच्या खाली असेल, तर तो रक्तक्षय. अशी मुलगी आजारी दिसतेच असे नाही. ती लवकर दमते, वर्गात तिचे लक्ष लागत नाही, जिना चढताना धाप लागते, आणि घरचे म्हणतात, 'पोरगी आळशी झाली.' पुढे तिचे लग्न होते, दिवस जातात, आणि बाळंतपणात थोडासा रक्तस्रावही तिच्या जिवावर बेततो. सरकारी रुग्णालयात रात्री-अपरात्री रक्ताच्या पिशवीसाठी होणाऱ्या धावपळीची सुरुवात अनेकदा दहा वर्षे आधी, तिच्या शाळकरी वयात झालेली असते.

13 ते 15 वर्षांच्या मुलीला दिवसाला सुमारे 30 मिलिग्रॅम लोह आहारातून मिळावे, अशी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची 2020 ची शिफारस आहे. भाकरी, वरण आणि थोडी भाजी एवढ्यावर ही गरज भागणे कठीण. त्यात बऱ्याच घरांत मुलगी सगळ्यांचे वाढून झाल्यावर बसते आणि उरलेले खाते. भुलाबाईच्या खाऊचे महत्त्व इथे कळते. वर्षभरात ही एक वेळ अशी, की खाऊ मुलींसाठीच बनतो, त्यांनाच आधी मिळतो आणि सगळ्यांना सारखा वाटला जातो. एवढी हक्काची वेळ तळलेल्या पिठात आणि मिठात घालवणे परवडणारे नाही.

त्या पाकिटात असते तरी काय? बहुतेक वेळा मक्याचे किंवा तांदळाचे पीठ, पामतेल, भरपूर मीठ आणि चव वाढवणारे पदार्थ. पोट भरल्यासारखे वाटते, पण लोह आणि प्रथिने नावापुरती. घरी आल्यावर मुलीला भूक नसते, आणि रात्रीचे जेवण बुडते. राष्ट्रीय पोषण संस्थेने मे 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहार-मार्गदर्शक सूचनांमध्येही मीठ, साखर आणि चरबी जास्त असलेले अतिप्रक्रिया केलेले पदार्थ कमी करा, असे स्पष्ट म्हटले आहे.

डब्यात काय असावे?

खानदेशाच्या स्वयंपाकघरात याचे उत्तर आधीपासून आहे. ज्वारीच्या लाह्या, फुटाणे, दाळ्या, शेंगदाणे, तीळ, मूग, मटकी, भाजलेले बिबडे, आणि यावल-रावेर पट्ट्यात बारा महिने मिळणारी केळी. शेंगदाण्यात वजनाच्या जवळपास चौथा हिस्सा प्रथिने असतात. शंभर ग्रॅम तिळात हजार मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. मूठभर, म्हणजे सुमारे 30 ग्रॅम फुटाण्यांतून दोन-तीन मिलिग्रॅम लोह मिळते. फुटाण्यांवर लिंबू पिळले किंवा सोबत पेरूची फोड दिली, तर त्यातील क जीवनसत्त्वामुळे ते लोह अधिक शोषले जाते. उलट, खाऊसोबत चहा दिला तर शोषण घटते. म्हणून चहा दीड-दोन तास लांबच ठेवावा.

हा महिना पितृपक्षातून नवरात्रात जातो, त्यामुळे उपवासाचे दिवसही येतात. साबुदाणा हा जवळपास निव्वळ पिष्टमय पदार्थ आहे. त्याऐवजी राजगिऱ्याचा लाडू द्यावा, कारण राजगिऱ्यात लोह आणि प्रथिने दोन्ही चांगली असतात. कोजागरीला आटवलेले दूध आहेच. मात्र दूध आणि लोहाची गोळी एकाच वेळी देऊ नये.

काही समजुतींबद्दल इथे स्पष्ट बोलायला हवे. 'गुळाने रक्त वाढते' हे घरोघरी ऐकू येते. गुळात साखरेपेक्षा लोह जास्त असते हे खरे, पण त्याचे प्रमाण गुळागणिक बदलते, आणि त्यातून दिवसाची गरज भागवायची तर इतका गूळ खावा लागेल की दात आणि वजन दोन्ही बिघडतील. गूळ लाडू वळण्यापुरता असावा. लाडवाचे मोल दाण्यांत आणि तिळांत आहे. केळ्याचेही तसेच. जळगावच्या केळ्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, याचा अभिमान असावा. केळे ऊर्जा देते, पोटॅशियम देते, पण त्यात लोह फारच कमी असते. केळे आणि सोबत मूठभर दाणे ही जोडी जमते. नुसत्या केळ्याने रक्तक्षय जात नाही.

दोन धोके विसरू नयेत. चार-पाच वर्षांखालील मुलांना अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे कधीही देऊ नयेत. हसता-नाचताना दाणा श्वासनलिकेत जातो, आणि तो काढायला दुर्बिणीची शस्त्रक्रिया लागते. भुलाबाईत मुली उड्या मारत असतात आणि धाकटी भावंडे मागे लागलेली असतात, म्हणून त्यांना दाण्याचा कूट किंवा मऊ लाडूच द्यावा. दुसरे म्हणजे, पावसाळ्याच्या शेवटी दाण्यांना बुरशी लागते. तिच्यातून तयार होणारे अफ्लाटॉक्सिन यकृताला घातक असते आणि भाजल्याने ते पूर्णपणे नष्ट होत नाही. काळपट, सुरकुतलेले, कडवट दाणे सरळ फेकावेत.

एका कागदाचा तक्ता

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 15 ते 49 वयोगटातील स्त्रियांच्या आहाराचे वैविध्य मोजण्याची एक सोपी रीत सुचवली आहे. अन्नाचे दहा गट पाडायचे: धान्ये आणि कंदमुळे, डाळी व कडधान्ये, दाणे आणि तेलबिया, दूध, मांस-मासे, अंडी, हिरव्या पालेभाज्या, अ जीवनसत्त्वयुक्त पिवळी-केशरी फळे-भाज्या, इतर भाज्या आणि इतर फळे. दिवसभरात यांपैकी किमान पाच गट पोटात गेले, तर आहार पुरेसा वैविध्यपूर्ण असण्याची शक्यता जास्त.

ही रीत भुलाबाईच्या खेळात सहज बसवता येईल. एका कोऱ्या कागदावर पट्टीने तीस चौकोन आखायचे, महिन्याच्या तीस संध्याकाळींसाठी. मोठ्या मुलींनी तो स्वतः आखावा, कडेला वेलबुट्टी काढावी आणि झेरॉक्सच्या दुकानातून गल्लीतल्या मुलींपुरत्या प्रती काढाव्यात. प्रतीला रुपया-दोन रुपये पडतात. ज्या मुलीने खाऊ ओळखला तिने त्या दिवसाच्या चौकोनात त्याचे चित्र काढायचे, आणि गटानुसार रंग भरायचा: डाळीला पिवळा, दाण्यांना तपकिरी, फळांना लाल, दुधाला निळा. आठवड्याने तक्ता पाहिला की कोणता रंग कमी पडला ते शाळकरी मुलीलाही कळते. मग पुढच्या घरी ती आपणहून म्हणते, 'काकू, उद्या मटकी करा.' पोषणाच्या भाषणाने जे होत नाही, ते अशा वेळी खेळ करून जातो.

सजावटही अशीच स्वस्तात होते. जुन्या लग्नपत्रिका आणि गेल्या वर्षीची कॅलेंडरे कापून मखराच्या झालरी, फुले, तोरणे करता येतात. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात 2018 पासून बंदी आहे, आणि तिची गरजही नाही. फक्त एक पथ्य पाळावे: वर्तमानपत्राचे तोरण करावे, पण त्यात खाऊ बांधू नये. छपाईच्या शाईतील शिशासारखी द्रव्ये तेलकट पदार्थात उतरतात, आणि 2018 च्या नियमांनी खाद्यपदार्थांसाठी वर्तमानपत्राच्या वापराला मनाई आहे. घरून वाटी आणण्याची जुनी पद्धतच बरी.

'वेळ कोणाला आहे?'

हा आक्षेप खरा आहे. जी बाई सकाळी केळीच्या बागेत मजुरीला जाते आणि दिवस मावळताना परतते, तिला दहा-पंधरा मुलींसाठी लाडू वळा म्हणून सांगणे सोपे आहे. ते करणे सोपे नाही. पण घरगुती खाऊ म्हणजे तळण आणि पाक असे कुठे आहे? फुटाणे आणि गुळाचा खडा याला चूलही लागत नाही. शेंगा उकडायला कुकरची एक फेरी पुरते. मूग सकाळी भिजवून गेले, तर संध्याकाळी कांदा-लिंबू घालून डबा तयार. खर्चाचेही तसेच. शेंगदाणे किलोला 140 रुपये धरले, तरी दहा मुलींना प्रत्येकी मूठभर दाणे सुमारे 42 रुपयांत होतात. पाच रुपयांची दहा पाकिटे 50 रुपयांची. शिवाय हा खाऊ एकट्या बाईनेच का करावा? घरातल्या पुरुषाने आणि मुलाने दाणे भाजले, शेंगा उकडल्या, तर भुलाबाई रागावणार नाही.

जुना काळ फार निरोगी होता असेही समजू नये. तेव्हाच्या मुलीही अशक्तच होत्या. जंत होते, हिवताप होता, लहान वयात बाळंतपणे होती, आणि खाऊ अनेकदा मूठभर साखरफुटाण्यांवर भागवला जाई. जुने ते सगळे उचलावे असा याचा अर्थ नाही. त्यातला वैविध्याचा नियम घ्यावा आणि त्याला आजच्या वैद्यकाची जोड द्यावी.

कारण रक्तक्षय एकट्या खाऊने जाणार नाही. अॅनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात 10 ते 19 वर्षांच्या मुलामुलींना आठवड्याला एक निळी गोळी मिळते, तीत 60 मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक अॅसिड असते. 5 ते 9 वर्षांच्या मुलांसाठी गुलाबी गोळी असते. गोळीने मळमळते, शौचाला काळे होते, म्हणून अनेक मुली ती दप्तरात लपवतात. काळी शौचास धोका नाही, आणि जेवणानंतर घेतली तर मळमळही कमी होते, हे आईने आणि शिक्षकांनी समजावून सांगायला हवे. जंतनाशक गोळी वर्षातून दोनदा शाळेत आणि अंगणवाडीत दिली जाते, ती चुकवू नये. सातपुड्याच्या पायथ्याच्या आदिवासी समाजांत सिकलसेलही आढळतो. तिथे गोळ्या आणि चांगला आहार देऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल, तर 'खात नाही' म्हणून मुलीलाच दोष न देता सिकलसेलची तपासणी करून घ्यावी. 1 जुलै 2023 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ती केली जाते.

गावोगावी आणि जळगाव शहरातही भुलाबाईचे महोत्सव होतात, गाण्यांच्या स्पर्धा लागतात. आयोजकांनी आणखी एक स्पर्धा ठेवावी: महिनाभराचा तक्ता आणून दाखवा, सर्वाधिक रंग कोणत्या गल्लीचे? बक्षीस म्हणून दाण्याच्या चिक्कीचा डबा पुरे. शाळेने त्याच महिन्यात चारही आठवड्यांच्या गोळ्या नीट पोहोचल्या का ते पाहावे, आणि आशाताईंनी कोजागरीच्या सुमारास मुलींचे हिमोग्लोबिन तपासून तो आकडा प्रत्येकीच्या तक्त्याच्या मागे लिहावा. एका महिन्यात तो फारसा हलणार नाही. पण पुढच्या भाद्रपदात तोच कागद काढून नव्या आकड्याशी ताडून पाहता येईल, आणि आपल्या लेकीचे रक्त वाढले की घटले हे आईला त्यावरून कळेल.