जखमेत किडे पडले तर

जखमेत किडे पडणे हा कोणाचा शाप नव्हे. ते माशीचे कृत्य होय. आपल्या देशात आढळणारी क्रायसोमिया बेझियाना ही माशी उघड्या जखमेच्या कडेला एका वेळी शंभराहून अधिक अंडी घालते. दिवसभरात त्यांतून अळ्या निघतात आणि जिवंत मांस पोखरीत आत शिरतात. वेदना, दुर्गंधी, रक्तमिश्रित स्राव आणि आत काही वळवळल्याची जाणीव, ही त्याची लक्षणे होत. नाकातून असा स्राव येत असल्यास मुळीच विलंब करू नये; अळ्या डोळ्यांपर्यंत व मेंदूपर्यंत पोहोचू शकतात.

घरी फिनेल वा रॉकेल ओतू नये. डॉक्टर टर्पेंटाइनचा बोळा ठेवून अळ्या वर आणतात, चिमट्याने एकेक काढतात व जखम धुतात. खोलवर राहिलेल्या अळ्यांसाठी पुन्हा तपासणी लागते. कित्येकदा आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या आणि धनुर्वाताची लसही देतात.

अंथरुणाला खिळलेल्या आजोबांची, मधुमेही आजीची पावले रोज पाहावीत. जखम धुऊन स्वच्छ पट्टीने झाकावी. ही माशी दिवसा फिरते, म्हणून मच्छरदाणी दिवसाही लावावी. वृद्ध माणसे लाजेने जखम लपवितात. आपण किळस दाखविली, तर ती अधिकच लपवितील.