वाकडे जुळलेले कोपर

गेल्या महिन्यात एक आजी सात वर्षांच्या नातवाला घेऊन दवाखान्यात आल्या. दोन वर्षांपूर्वी तो झोपाळ्यावरून हातावर पडला आणि कोपराच्या वर हाड मोडले. हाडवैद्याने पट्टी बांधली, हाड जुळले. पण वाकडे जुळले. हात सरळ सोडला की कोपर बाहेर येते आणि पुढचा हात शरीराकडे वळतो. “माझ्याकडे असतानाच पडला हो डॉक्टर. वाढत्या वयात सरळ होईल ना?” आजींनी विचारले.

व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत मी अशा प्रश्नाला ‘होईल’ असे उत्तर दिलेले आहे. ते चुकीचे होते. दंडाच्या हाडाची बहुतांश वाढ खांद्याकडील टोकाला होते. कोपराकडील टोकाचा वाटा जेमतेम 20 टक्के. शिवाय कोपर ज्या दिशेने मिटते-उघडते, त्या दिशेतला थोडा बाक वाढीबरोबर सुधारतो. बाजूचा बाक मात्र तसाच राहतो. मालिश, वजन उचलणे किंवा पट्टे यांनीही तो जात नाही.

तो घालवण्याचा मार्ग शस्त्रक्रियेचा. दोन्ही हातांचे एक्स-रे ताडून कोन मोजतात, कोपराच्या वर बाहेरच्या बाजूने हाडाची पाचर काढतात, फट मिटवतात आणि तारा किंवा स्क्रूने हाड स्थिर करतात. त्यानंतर काही आठवडे प्लास्टर असते. दुखापतीनंतर बहुधा वर्षभर थांबून, कोपराची हालचाल परतल्यावरच ही शस्त्रक्रिया करतात.

ती करावीच का? बहुतेक मुलांचे लिहिणे-खेळणे अडत नाही; खंत असते ती हाताच्या दिसण्याची. परंतु काहींच्या बाबतीत पुढे सांधा सैल पडतो, मज्जातंतूवर ताण येतो किंवा पुन्हा पडल्यास त्याच कोपराचे हाड मोडण्याचा धोका वाढतो. दुसऱ्या बाजूला मज्जातंतूला इजा, जंतुसंसर्ग, थोडा बाक उरणे किंवा बाहेरच्या बाजूला उंचवटा राहणे, हे शस्त्रक्रियेचे धोके आहेत. म्हणून अस्थिरोगतज्ज्ञांशी सविस्तर बोलून, मुलाचेही ऐकून निर्णय घ्यावा. करंगळी व अनामिकेला मुंग्या येत असतील, तर मात्र दिरंगाई नको.

वाचकहो, खरी घाई असते ती पडल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत. हात ओढू नये, चोळू नये. ताज्या दुखापतीवर जोराने चोळल्याने स्नायूंत हाड तयार होऊन सांधा आखडू शकतो. हात आहे त्याच स्थितीत आधार देऊन रुग्णालय गाठावे. पट्टी किंवा प्लास्टर घातल्यानंतर वेदना वाढत गेली, बोटे फिकी, गार वा बधिर झाली, किंवा ती हळूच सरळ करतानाही मूल कळवळले, तर सकाळची वाट पाहू नये. रक्तपुरवठा अडून हात कायमचा निकामी होऊ शकतो.

आजींना मी म्हणालो, “पडणे हा बालपणाचाच भाग आहे; त्याचा दोष तुमच्याकडे नाही.” मग नातवाकडे वळून विचारले, “तुला काय वाटते?” तो हळूच म्हणाला, “कवायतीला माझाच हात वेगळा दिसतो.” आजींनी त्याचा हात हातात घेतला. मी अस्थिरोगतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी लिहिली.