यालित्झाला अभिनय येत नाही, म्हणे!



'ती कुठे अभिनय करतेय? ती तशीच आहे.' 'रोमा' (2018) सिनेमातल्या यालित्झा आपारिसियोबद्दल मेक्सिकोत हे किती सहज बोललं गेलं! 'तशीच' म्हणजे काय, तर मोलकरीण. चेहरा मूलनिवासी बाईचा, म्हणजे ती मोलकरीणच असणार, एवढंच त्यामागचं तर्कशास्त्र.

वस्तुस्थिती बघा. यालित्झा ओआहाका राज्यातल्या त्लाहिआकोची. वडील मिश्तेक, आई त्रिकी. आई घरकाम करायची, पण यालित्झा बालवाडी शिक्षिकेचं शिक्षण पूर्ण केलेली मुलगी. मिश्तेक भाषा तिला नीट येत नव्हती. सिनेमासाठी ती मैत्रीण नान्सी गार्सियाकडून शिकली. दिग्दर्शक अल्फोन्सो क्वारोनने कलाकारांना पूर्ण पटकथा दिलीच नव्हती. त्या अवस्थेत अख्खा सिनेमा खांद्यावर घेणं हा अभिनय नाही, तर मग अभिनय कशाला म्हणायचं? सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीसाठी ऑस्कर नामांकन मिळवणारी ती अमेरिका खंडातली पहिली मूलनिवासी स्त्री. यावर सेर्खिओ गोइरी हा मालिकांमधला नट एका व्हिडिओत तिला शिवी हासडून म्हणाला की 'हो बाईसाहेब, नाही बाईसाहेब' म्हणणारीला कसलं नामांकन! बोभाटा झाल्यावर माफी मागितली. यालित्झाचं उत्तर मला फार आवडतं: मूलनिवासी असल्याचा मला अभिमान आहे, लोकांना शब्दांचे अर्थ माहीत नाहीत याचं वाईट वाटतं.

आपल्याकडचा 'मेरिट'वाला युक्तिवाद याहून वेगळा आहे का? आपण यश मिळवलं की ते एकतर नशीब असतं, नाहीतर मेहरबानी.

'रोमा'वर आपली टीका असायलाच हवी. ती मालकाच्या मुलाची आठवण आहे. क्वारोनने स्वतःला वाढवणाऱ्या लिबोरिया रोद्रिगेसवरून क्लेओ उभी केली, आणि क्लेओ फार कमी बोलते. तिच्या मनात काय चाललंय हे मालकाच्या घरातून दिसेल तेवढंच दिसतं. पण ही टीका लेखक-दिग्दर्शकावर करावी. ती यालित्झावर ढकलणारे आपले काही मित्र नकळत गोइरीच्याच रांगेत उभे राहतात.

आणखी एक. डिसेंबर 2018 मध्ये मेक्सिकोच्या सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांना सामाजिक सुरक्षेतून वगळणं असंवैधानिक ठरवलं, 2019 मध्ये कायदाही बदलला. याचं श्रेय सिनेमाला देऊन मोकळं होणारे बरेच आहेत. सिनेमामुळे चर्चा वाढली, हे खरं. यालित्झाही घरकामगारांच्या बाजूने जाहीर बोलली. पण ओआहाकाचीच मार्सेलिना बाउतिस्ता चौदाव्या वर्षी घरकामाला लागली, 2000 मध्ये तिने घरकामगारांसाठी संस्था काढली, 2015 मध्ये युनियन उभी राहिली. तेव्हा कुठलाही कॅमेरा तिच्याकडे वळलेला नव्हता. यालित्झाचा फोटो डीपीला लावणाऱ्यांनी मार्सेलिनाचं नाव एकदा शोधून तरी बघावं.