शिखराच्या पायथ्याशी

थंड हवेचे ठिकाण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर निसर्गाचे सुंदर चित्र उभे राहते. स्वित्झर्लंडच्या दक्षिणेकडील झरमॅट हे असेच एक गाव. आल्प्स पर्वतात सुमारे १६०० मीटर उंचीवर वसलेल्या या गावी जगभरातून प्रवासी येतात, ते प्रामुख्याने ४४७८ मीटर उंचीचे मॅटरहॉर्न शिखर पाहण्यासाठी. शिखराचे छायाचित्र घेतले की प्रवास सफल झाला, असे अनेकांना वाटते. मला मात्र हे पुरेसे वाटत नाही. गाव पाहायचे, तर तेथील माणसांचा इतिहासही पाहायला हवा.

झरमॅट हे मुळात शेतकऱ्यांचे व पशुपालकांचे गाव. तेथील जुन्या वस्तीत काळपट लाकडाची धान्यकोठारे आजही उभी आहेत. कोठारांच्या खांबांवर सपाट गोल दगड बसवलेले दिसतात. उंदरांना वर चढता येऊ नये, म्हणून केलेली ही युक्ती! मूठभर धान्यही किती मोलाचे होते, हे त्यावरून कळते.

१४ जुलै १८६५ रोजी मॅटरहॉर्न प्रथमच सर झाले आणि गावाचे भाग्य पालटले. एडवर्ड व्हिम्परसह चार ब्रिटिश गिर्यारोहक आणि तीन वाटाडे शिखरावर पोहोचले. परंतु उतरताना एकाचा पाय घसरला, दोर तुटला आणि चौघे जण कड्यावरून कोसळले. वाचले ते व्हिम्पर आणि झरमॅटचे वाटाडे टाउगवाल्डर पितापुत्र. दोर मुद्दाम कापला, असा संशय लोकांनी पित्यावर घेतला. चौकशीत तो निर्दोष ठरला, तरी कुजबुज थांबली नाही. व्हिम्परचे नाव मात्र जगभर गाजले. पुढे १८९१ मध्ये गावात रेल्वे आली आणि प्रवाशांची संख्या वाढत गेली.

तुटलेल्या दोराचा तुकडा आज गावातील संग्रहालयात ठेवलेला आहे. पर्वतात प्राण गमावलेल्यांचे स्मशानही चर्चजवळ आहे. कोणी म्हणेल, विश्रांतीसाठी आलेल्यांना या दुःखद आठवणी कशाला? आक्षेप वरवर योग्य वाटतो. पण ज्या घटनेने गावाला वैभव दिले, तिची किंमत कोणी मोजली, हे लपवणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. झरमॅटने ते लपवले नाही, हे मला मोलाचे वाटते.

या गावात पेट्रोलवर चालणाऱ्या खासगी मोटारींना प्रवेश नाही. प्रवासी रेल्वेने येतात आणि बहुतेक पायीच हिंडतात. सोयीला मर्यादा घातल्याने पर्यटन बुडत नाही, हेच यातून दिसते.

म्हणून तुम्ही कोणत्याही पर्यटनस्थळी जाल, तेव्हा उंच शिखराकडे अवश्य पाहा; परंतु त्याच्या पायथ्याशी राबणाऱ्या माणसांचीही आवर्जून विचारपूस करा. त्यांच्या कष्टांशिवाय तेथे वाटही नसते आणि वाटाड्याही नसतो.