माळ्याला उजेड हवा, वाराही

डेन्मार्कच्या विलुम कान रासमुसेन यांनी १९४१ मध्ये छपरातल्या खिडक्यांचा व्यवसाय सुरू केला. खिडकीचं नाव ‘वेलक्स’: ‘व्हेंटिलेशन’मधला ‘वे’ आणि ‘लक्स’ म्हणजे प्रकाश. आपण कोकणात कौलारू माळ्यावर काचेचं कौल बसवतो आणि मुलीला सांगतो, “वर जाऊन अभ्यास कर.” उजेड मिळतो, पण गरम हवा वर चढून तिथेच कोंडते. एप्रिलमध्ये अशी मुलगी वर्गात पेंगली तर मी तिला रागावत नाही. बैठकीला पीओपी करण्याआधी माळ्याला उघडणारी खिडकी करा. गरम हवा बाहेर जाईल, जिन्यातून गार हवा वर येईल. पाणी गळू नये म्हणून चौकटीचा पत्रा वरच्या बाजूला कौलांखाली, खालच्या बाजूला कौलांवर घ्या. पाहुणे तासभर बसतात. मुलीला तिथे वर्षभर इल्म मिळवायचा आहे.