अभ्यासात लक्ष नाही? मुलाला मारू नका, आधी दवाखान्यात न्या

वर्धा जिल्ह्यातल्या पालकांनो, शिक्षकांनो, परीक्षा तोंडावर आल्या की घरोघरी एकच तक्रार असते: पोराचं अभ्यासात लक्षच नाही. मग मोबाइल काढून घेतला जातो, शिकवणी बदलते, कधी हातही उठतो. कळकळीची विनंती आहे, त्याआधी जरा निरखून पाहा. मूल तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचतंय का? लिहिलेलं खोडून परत तेच लिहितंय का? हात धुण्यात, कडी तपासण्यात, मनातल्या मनात मोजण्यात त्याचे तासन् तास जातात का? 'नक्की ना?' असं दिवसभर विचारतंय का?

तर तो मंत्रचळ, म्हणजे ओसीडी असू शकतो. गुरुजी फळ्यावर गणित सोडवतात, तेव्हा हे मूल 'माझ्यामुळे आईला काही झालं तर?' या नकोशा विचाराशी झुंजत असतं. सारं लक्ष तिथंच अडकतं. गणिताला उरतच नाही. विचार देवाबद्दल वा शरीराबद्दल घाणेरडे असले तर लाजेनं ते बोलतही नाही. असे विचार येणं ही त्याची इच्छा नव्हे, हे त्याला घरच्यांनीच सांगावं.

'नक्की ना?'ला दिलेल्या प्रत्येक 'हो'नं घटकाभर बरं वाटतं आणि शंका आणखी मुरते. तरी उत्तरं एकदम तोडू नका. ती कशी कमी करायची हे उपचारात शिकवतात.

सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी (मेघे) इथलं आचार्य विनोबा भावे रुग्णालय, दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. आर्वी, आष्टी, कारंजाहून लगेच येणं जमत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर फोन करा. सेवा मोफत आहे, दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं. अंगाऱ्या-धुपाऱ्यात महिने घालवू नका. औषधाचा पुरता गुण यायला ८ ते १२ आठवडे लागू शकतात. फेब्रुवारीत बारावीचा पेपर आणि जानेवारीत पहिली भेट, असं झालं तर उशीर झालेला असतो. औषध मनानं बंदही करू नका. हा ओसीडी की एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा, अतिचंचलतेचा विकार), की दोन्ही, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

शिक्षकांनो, अशा मुलाला वर्गासमोर पान पुन्हा लिहायला लावू नका. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजारही येतो. त्रास तीव्र असेल तर प्रमाणपत्र आणि परीक्षेतल्या सवलतींची चौकशी पालकांसोबत आत्ताच करा.

आणि जीव नकोसा झाल्याचं मूल बोललं, तर सकाळची वाट पाहू नका. त्याला एकटं न सोडता त्याच रात्री रुग्णालयात न्या.