रात्रभराचा राग आणि अर्ध्या तासाचा पडदा

मोठ्या संगीत महोत्सवांचे दूरचित्रवाणीवरून प्रक्षेपण व्हावे की नाही, हा वाद जुना आहे. प्रक्षेपणाने मैफलीचा आत्मा हरवतो, असे म्हणणारे बहुधा मंडपापासून पायी अंतरावर राहणारे असतात. परभणीहून पुणे सुमारे चारशे किलोमीटर दूर आहे. तेथील रसिकासाठी प्रश्न आत्म्याचा नंतर, आधी गाणे कानी पडण्याचा होता.

सवाई गंधर्व १२ सप्टेंबर १९५२ रोजी निवर्तले. पुढच्याच वर्षी त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांच्या पुढाकाराने पुण्यात त्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ महोत्सव सुरू झाला. रात्र रात्र चालणाऱ्या त्या बैठकांत पहाटेचे राग पहाटेच गायले जात. रागसमयाचे शास्त्र तेथे पुस्तकातून समजावून सांगावे लागत नसे.

ज्या वर्षी सवाई गंधर्व गेले, त्याच १९५२ मध्ये आकाशवाणीने संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. बा. वि. केसकर हे मराठी मंत्री त्या खात्याचे प्रमुख होते. चित्रपटगीतांवरील त्यांची बंदी लोकांना रुचली नाही. रेडिओ सिलोनचा भाव वाढला तो त्यामुळेच. परंतु शनिवारी रात्री एका कलावंताला तब्बल दीड तास देण्याची रीत मात्र त्यांच्याच काळात रुजली. १९५४ पासून निमंत्रित श्रोत्यांसमोर आकाशवाणी संगीत संमेलने भरू लागली. परभणी तेव्हा हैदराबाद राज्यात होती. ज्याच्या घरी रेडिओ, त्याच्या ओसरीवर ख्याल पोहोचला, आणि बऱ्यापैकी सलग पोहोचला.

दूरचित्रवाणीने हा क्रम मोडला. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले आणि १९७३ मध्ये सिंहगडावरील सहक्षेपणामुळे पुण्यात चित्र दिसू लागले. मराठवाड्याला मात्र ताटकळावे लागले. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी अवकाशात गेला आणि १९८४ मध्ये देशभर कमी शक्तीची प्रक्षेपण केंद्रे झपाट्याने उभी राहिली. त्यांवरून सुरुवातीला येत असे तो मुख्यतः दिल्लीचा कार्यक्रम. १५ ऑगस्ट १९८८ रोजी ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ प्रथम प्रसारित झाले. भीमसेनजींचा चेहरा घरोघरी ओळखीचा झाला तो त्या सुमारे सहा मिनिटांच्या चित्रफितीमुळे. त्यांचा तास-तासभराचा विलंबित ख्याल त्या घरांपर्यंत तितक्या सहजतेने कधीच गेला नाही.

यंत्रामुळे गाणे आखडते हे काही नवे नाही, असा आक्षेप येथे घेतला जातो. सवाई गंधर्वांचे गुरू अब्दुल करीम खाँ यांच्या तबकड्या जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांच्या होत्या आणि त्यांनीच किराणा घराणे गावोगावी नेले. हे खरे आहे. परंतु खाँसाहेबांना ती तीन मिनिटे आधी ठाऊक होती. राग त्या मापात कसा बसवायचा हे त्यांनी स्वतः ठरवले. महोत्सवाच्या चित्रीकरणात कलावंत मांडतो तासाचा आलेख, आणि त्यातले कोणते तुकडे ठेवायचे हे नंतर संकलक ठरवतो. बहुधा बळी पडते ती संथ बढत, आणि उरतात ताना व टाळ्या. संक्षेप आणि कापाकाप यांत फरक आहे.

तंजावरजवळ तिरुवैयारू येथे दरवर्षी त्यागराज आराधनेत शेकडो गायक-वादक पाच पंचरत्न कृती एकत्र सादर करतात, आणि आकाशवाणी व दूरदर्शन ते थेट दाखवतात. तेथे कुणाची फारशी तक्रार नसते, कारण रचना बांधलेल्या आहेत आणि वेळेचा अंदाज आधीच येतो. इटलीच्या सान रेमो महोत्सवाची कथा उलटी आहे. १९५१ मध्ये नभोवाणीवर सुरू झालेला तो गीतसोहळा १९५५ पासून पडद्यावर आला आणि हळूहळू दूरचित्रवाणीचाच कार्यक्रम होऊन बसला. ख्यालाला यांतला कोणताच साचा बसत नाही.

सवाईची रात्र दूरचित्रवाणीने हिरावली, असे कधीकधी ऐकू येते. तो आरोप चुकीचा आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर बंधन आणले. वर्षातले मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळते, पहाटेपर्यंत नाही. आता पहाटेचे राग ऐकायचे तर उरते ध्वनिमुद्रणच. म्हणूनच त्याला कात्री लावू नये, हा आग्रह अधिक सयुक्तिक ठरतो.

कलावंतांना प्रक्षेपणाचे मानधन मिळाले पाहिजे आणि नकाराचा हक्कही त्यांचाच. ते मान्य केल्यावर, सार्वजनिक पैशाने झालेली मुद्रणे दूरदर्शनच्या संग्रहातून अखंड का दाखवू नयेत? २६ जानेवारी २००२ पासून डीडी भारती ही वाहिनी कला-संस्कृतीसाठीच आहे. अर्ध्या तासाच्या चौकटीची सक्ती तिने तरी पाळू नये.

शिवाय आजवरचे प्रक्षेपण बव्हंशी एकाच दिशेने झाले आहे. परभणीत हजरत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस फेब्रुवारीच्या आरंभी भरतो; गंगाखेड ही संत जनाबाईंची भूमी. तिथली कव्वाली, तिथले भजन पुण्याच्या पडद्यावर क्वचितच दिसते. परभणीला स्वतःचे आकाशवाणी केंद्र आहे. मुद्रणाची सुरुवात तेथूनही होऊ शकते.